आबांना दारावरची बेल कळावी म्हणून मैनेला काय शिकवायचं

विट्याच्या एका ताईंनी विचारलेलं थोडक्यात असं : सासरे, म्हणजे घरातले आबा, पासष्टीच्या पुढचे. उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं आणि आता दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण घरात असले की काढून ठेवतात. ताई आणि त्यांचे यजमान नोकरीला, त्यामुळे दिवसभर आबा एकटेच. गॅसवाला, कुरिअरवाला बेल वाजवून वाजवून निघून जातो. घरात दीड वर्षाची गावठी कुत्री आहे, मैना. परदेशात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी शिकवलेली कुत्री असतात असं ताईंनी वाचलं. तसं तयार कुत्रं इकडे विकत मिळेल का, आणि नाहीतर मैनेला शिकवता येईल का?

ताई, तयार कुत्र्याच्या नादाला लागू नका. मैना धीट असेल तर तिला दोन आवाज नक्की शिकवता येतील, कदाचित तीनही. अट एकच. तिला खाऊ द्यायचा तो आबांनी, तुम्ही नाही.

मी लष्कराच्या श्वानपथकात होतो. मेरठला रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या, म्हणजे लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या विभागाच्या केंद्रात शिकलो आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात लोकांच्या कुत्र्यांना शिकवतो. लष्करातला पहिला धडा असा की कुत्रं हुकमाचं नसतं, हँडलरचं, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या जवानाचं असतं. स्फोटकं शोधणारं कुत्रं वास लागला की भुंकत नाही, उकरत नाही, गप्प खाली बसतं. ती खूण ठरलेली असते, आणि ती खूण बघणारा माणूसही ठरलेला असतो. ऐकू न येणाऱ्या माणसाचं कुत्रं नेमकं याच तत्त्वावर चालतं. फरक इतकाच की इथे वासाच्या जागी आवाज असतो आणि बसण्याच्या जागी स्पर्श.

ही कल्पना अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या मध्याला आकाराला आली. इंग्लंडमध्ये 1982 साली 'हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल' ही संस्था सुरू झाली आणि आज या कामातली ती सगळ्यात माहितीतली संस्था आहे. जपानने 2002 मध्ये सहायक कुत्र्यांसाठी वेगळा कायदा केला, त्यात या कुत्र्यांचाही समावेश आहे. तिकडे पिल्लाची निवड, स्वयंसेवकाच्या घरी वाढवणं, मग आवाजांचं शिक्षण, मग माणसाशी जोडी जमवणं, यात दीड-दोन वर्षं जातात. लॅब्रेडॉर, कॉकर स्पॅनियल, छोटा पूडल ही नेहमीची निवड. अमेरिकेत मात्र निवारागृहातली, कुठल्याच जातीची नसलेली कुत्रीही या कामाला घेतली गेली आणि ती उत्तम निघाली. मैनेच्या बाबतीत मला याच गोष्टीचा भरवसा वाटतो.

आपल्याकडे कुणी 'सर्टिफाइड' म्हणून कुत्रं विकायला आलं, सोबत लाल जॅकेट आणि ओळखपत्र दिलं, तर त्या जॅकेटची किंमत कापडाएवढीच समजा. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे. दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असेल तर 'ऐकण्यास कठीण' आणि 70 च्या वर गेला तर 'कर्णबधिर' असं मापही त्यात दिलंय. पण अशा कुत्र्याला हॉटेलात, गाडीत प्रवेश देणारं स्वतंत्र कलम त्यात नाही. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. तेव्हा मैना घरातली कामगार. बाजाराला तिला न्यायचंच नाही असं आत्ताच ठरवून टाका, निम्मी डोकेदुखी जाईल. तसंही विट्याच्या चौकात पट्ट्यात बांधलेल्या कुत्रीला गल्लीतली टोळी सुखाने चालू देणार नाही.

कुत्रीच्या आधी आबांच्या कानांकडे बघू. मागाच्या शेडमधून आलेल्या माणसाचा कान ठरावीक पद्धतीने जातो. कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, मागाची खडखड त्याच्याही वर जाते. या आवाजाने पहिला घाव बसतो तो 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, तीव्र आवाजांवर. म्हणून अशा माणसाला ट्रकची घरघर कळते, पण चिमणीसारखी चिवचिवणारी बेल कळत नाही. बोलणं ऐकू येतं पण समजत नाही, कारण स, श, फ ही अक्षरं त्याच बारीक पट्टीत असतात. आणि घरचे म्हणतात, 'आबांना पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं!' असलं बोलणं मी फार घरांत ऐकलंय. बिचाऱ्या माणसावर अन्याय आहे तो.

त्यामुळे सांगलीला किंवा मिरजेला जाऊन ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं याचा आलेख, काढून आणा. सरकारी रुग्णालयात प्रमाणपत्राची सोय असते, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मशीनही मिळतं. ऑडिओग्रामवर दिसेल की जाड, खालच्या पट्टीतलं त्यांना किती शिल्लक आहे. बरंच शिल्लक असेल तर आधी एक स्वस्तातला प्रयोग करा. संगीत वाजवणारी बेल काढून जुन्या पद्धतीचा 'घर्रर्र' करणारा बझर लावा. काही घरांत तेवढ्यावरच काम भागतं आणि कुत्र्याला सुट्टी मिळते. बेलबरोबर दिवा लुकलुकणारं यंत्र मिळतं, उशीखाली ठेवायचं थरथरणारं घड्याळ मिळतं. हल्लीच्या अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये बेलचा किंवा बाळाच्या रडण्याचा आवाज ओळखून सूचना देण्याची सोय आहे, ती मनगटावरच्या घड्याळात थरथरते. हे सगळं मी कुत्र्याच्या विरोधात सांगत नाही. दिवा दिसायला आबांचं तोंड दिव्याकडे असावं लागतं, आणि फोन खिशात असावा लागतो. कुत्र्याचं तसं नाही. आबा परसात असोत नाहीतर मशीन काढून झोपलेले असोत, ते त्यांना शोधून काढतं. माझा सल्ला दोन्ही ठेवण्याचा आहे.

आता मैना. पहिली पारख घरीच करा. ती जागी असताना शेजारच्या खोलीत स्टीलचं ताट फरशीवर पडू द्या. दचकली आणि मग काय झालं ते बघायला आली, तर काम होईल. कॉटखाली शिरली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही, तर तिला यात ओढू नका. आवाजाची भीती असलेल्या कुत्रीला आवाजाचं काम देणं हा छळ आहे. धावत जाऊन पाच मिनिटं भुंकत बसली, तर ती कामाची आहे पण मेहनत जास्त पडेल. गावठी कुत्री बहुतेक याच तिसऱ्या गटात मोडतात.

जातीचं विचारता म्हणून सांगतो. जत-आटपाडीकडे कारवान पाळायची हौस मोठी आहे. देखणं कुत्रं, वाऱ्यासारखं पळतं. पण ते डोळ्यांनी शिकार करणारं, हललं त्याच्यामागे जाणारं. घरात बसून बेलची वाट बघणं त्याच्या रक्तात नाही. लॅब्रेडॉर शिकतो झटकन, पण खानापूर तालुक्यातला उन्हाळा त्याला सोसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसावर तीस किलोने उडी घेतली तर हाड मोडेल. छोटं स्पिट्झ, ज्याला आपण सरसकट पोमेरियन म्हणतो, ते भुंकरं असलं तरी या कामात चांगलं. वाईला एक निवृत्त बाई आहेत, त्यांचं तसलंच कुत्रं कॉटवर चढून त्यांच्या दंडावर पंजा मारतं. मैनेसारखी मध्यम अंगाची, सावध, माणसात वाढलेली गावठी कुत्री मला तरी यात कुठेच कमी वाटत नाही. फक्त अंग सगळं पांढरं आणि डोळा निळसर असेल तर तिचेच कान आधी तपासा. पांढऱ्या रंगाशी जन्मजात बहिरेपणाचं नातं असतं, डाल्मेशियनमध्ये ते प्रसिद्धच आहे.

शिकवायला सुरुवात आवाजाने करायची नाही, स्पर्शाने करायची. आबा खुर्चीत बसलेले, मुठीत खाऊ. मैनेने नाकाने त्यांच्या गुडघ्याला ढोसलं की मूठ उघडायची. भुंकलं तर काही नाही, कारण आबांना भुंकणं ऐकूच जाणार नाही. हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं पाहिजे की या माणसाकडे तोंडाने काही चालत नाही, नाक लावावं लागतं. शाबासकी हाताने द्या, अंगठा वर किंवा टाळीची खूण, पण नेहमी एकच. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच पाच मिनिटं. जास्त वेळ घेतला की कुत्री कंटाळते आणि आबा तिच्याआधी.

खाऊबद्दल एक गोष्ट, सांगली जिल्ह्यात ती मुद्दाम सांगावी लागते. तासगावचा बेदाणा घरोघरी वाटीत असतो आणि म्हातारी माणसं मायेने कुत्र्याला चार दाणे टाकतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नसतो. आबांच्या खिशात बेदाणा नको, चॉकलेट नको. उकडलेलं अंडं, चिकनचे नखाएवढे तुकडे, पनीर चालेल. नुसत्या चपातीवर गावठी कुत्री फार दिवस काम करत नाही.

नाकाने ढोसणं पक्कं झालं की पहिला आवाज घ्यायचा, पण बेल नाही. तुम्ही स्वयंपाकघरातून 'आबा!' म्हणून हाक मारायची. मैना तुमच्याकडे बघेल. तुम्ही तिच्याकडे बघायचं नाही, आबांनी गुडघा थोपटून तिला बोलवायचं. ढोसलं, खाऊ मिळाला. खाऊ आबांकडेच. हाक सुरुवातीला सोपी जाते, कारण ती कितीही वेळा मारता येते आणि दारात कुणी उभं राहावं लागत नाही. शिवाय तुमच्या घराला तिचा रोज उपयोग आहे. जेवायला बोलवायला वरच्या मजल्यावर जिने चढून जाणं वाचेल. हाकेनंतर थांबून, आबांच्या खुणेची वाट न बघता मैना आपणहून त्यांच्याकडे गेली, तो दिवस खरा. त्या दिवशी अंडं अख्खं द्या.

मग बेल. ती धून बदलणारी असेल, एकदा आरती, एकदा पाखरं, तर आधी एकाच आवाजाची बसवा. बिनतारी बेल असली तर उत्तम, तिचं बटण तुमच्या हातात येतं. मैना आणि आबा बेलपासून चार-पाच फुटांवर. बटण दाबायचं आणि लगेच आबांनी गुडघा दाखवायचा. ढोसलं की खाऊ. ती हे करू लागली की दुसरा भाग. आबांनी दोन्ही तळवे वर करून 'कुठे?' अशी खूण करायची आणि मैनेबरोबर दारापर्यंत जायचं, दाराशी पुन्हा एक तुकडा. इंग्लंडातली कुत्रीही असंच करतात. आधी स्पर्श, मग माणसाची खूण, मग आवाजाकडे नेणं. यानंतर एकेक गोष्ट अवघड करत जा : दुसरी खोली, आबा पेपर वाचताहेत, आबा पडलेत, न्हाणीचं दार लोटलेलं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन आवाज पक्के व्हायला तीन-चार महिने धरून चाला.

टीव्हीचं तेवढं बघा. मालिकांमध्ये दर पाच मिनिटांनी कुणाच्या तरी दारावरची बेल वाजते. मैना उठवेल, आबा दारात जाऊन येतील, कुणी नसेल, तिसऱ्या वेळी तिच्यावर ओरडतील आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. चुकीच्या आवाजावर उठवलं तरी रागवायचं नाही, फक्त दाराशी खाऊ नाही. आपली बेल टीव्हीतल्या बेलपेक्षा वेगळी निवडली की हा घोळ कमी होतो. कुत्र्याला 45,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आपली धाव 20,000 ची. दोन बेलमधला फरक तिला कळू शकतो, तो शिकवायचा मात्र आपण.

तिसरा आवाज म्हणून फाटकाची कडी घ्या. आपल्याकडे निम्मी माणसं बेल दाबतच नाहीत, कडी वाजवून 'आहे का कोण घरात?' म्हणून ओरडतात.  'असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल' या जागतिक संघटनेच्या मापात अशा कुत्र्याला किमान तीन आवाज यावेत असं आहे. हाक, बेल आणि कडी झाली की मैना आवाजांच्या बाबतीत त्या मापाला उतरलीच म्हणा.

कुकर शिकवू का, असं हमखास विचारतात. कुत्रं शिट्ट्या मोजत नाही. ते पहिल्याच शिट्टीला येऊन ढोसेल, दुसऱ्यालाही, पाचव्यालाही, आणि गरम शेगडीजवळ त्याला घेऊन जाणं मला पसंत नाही. आबा दुपारी स्वतः भात लावत असतील तर टायमर लावा आणि तो स्वयंपाकघराबाहेर ठेवा.

आणि ज्या कामांसाठी कुत्र्यावर अवलंबून राहायचं नाही, ती स्पष्टच सांगतो. गॅस गळती हा वासाचा विषय आहे, ते काम तिला शिकवलेलं नाही. धुराचा अलार्म आपल्या घरांत नसतोच. असेल तर त्यासाठी वेगळी खूण लागते, कारण आगीकडे माणसाला न्यायचं नसतं. तिकडची कुत्री अशा वेळी स्पर्श करून जागीच आडवी होतात. रस्त्यावर मागून येणारी गाडीही मैना सांगणार नाही. गळीत हंगामात गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर बघून लोकांना वाटतं, कुत्रं बरोबर असलं की बरं. रहदारीसाठी ही कुत्री तिकडेही शिकवत नाहीत. सवयीने माणूस तिच्या कानांची हालचाल वाचायला शिकतो, तेवढाच फायदा.

सांगलीवाडीच्या एका बाईंनी मला पुराचं विचारलं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका. रिक्षातून भोंगा फिरतो, तो आईला ऐकू येत नाही, कुत्रं सांगेल का? कुत्रं उठवेल कदाचित, पण भोंगा कुल्फीवाल्याचा की महापालिकेचा हे ते कसं सांगणार? 2019 चा पूर पाहिलेल्या माणसाने तरी हा भार कुत्र्यावर टाकू नये. तिथे शेजारचं एक घर नेमून द्यायचं. पाणी वाढलं की आत येऊन, हात धरून सांगायची जबाबदारी त्यांची. किल्लीही त्यांच्याकडे द्यायची.

आता घरातल्या ऐकणाऱ्या माणसांबद्दल, कारण काम बिघडतं ते तुमच्यामुळे. रविवारी सगळे घरात असतात, बेल वाजते, नातू धावत जाऊन दार उघडतो. मैना बिचारी आबांकडे निघालेली असते, अर्ध्या वाटेत तिला दिसतं की दार उघडलं, पाहुणे आले, आपलं काही कामच नाही. असे चार रविवार गेले की ती उठायची बंद होते. म्हणून नियम करा : आबा घरात असताना बेलला आबाच उठणार. पाहुणा दोन मिनिटं दारात थांबला तर आभाळ कोसळत नाही. दुसरं, तिचं खाणं आणि सकाळचं फिरवणं आबांकडे द्या. कराडच्या एका घरात सून हौसेने सगळं शिकवायची आणि कुत्रं बेल वाजली की सुनेलाच शोधत फिरायचं. सून ऑफिसात, कुत्रं तिच्या खोलीच्या दाराशी. सासूबाई सोफ्यावर तशाच. खाण्याचं भांडं सासूबाईंच्या हातात दिल्यावर ते सुधारलं, पण वेळ लागला.

खाऊ पूर्ण बंद कधीच करू नका. इतर शिक्षणात हळूहळू कमी करता येतो. इथे दिवसाला एखादीच बेल वाजते, आणि तीही फुकट गेली तर कुत्री हिशोब करते. दाराजवळ झाकणाची डबी ठेवा. आठवड्यातून काही वेळा कुणाला तरी सांगून खोटी बेल वाजवा, म्हणजे सराव राहतो.

बाकी देखभाल नेहमीचीच. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध, गोचिडांवर लक्ष, नसबंदी. कान मात्र खास. पावसाळ्यात कानात मळ, वास, खाज दिसली तर डॉक्टरांकडे न्या, घरात तेल सोडत बसू नका. आठ-दहा वर्षांची झाली की तिलाही कमी ऐकू येऊ लागेल, हे आबांना आत्ताच सांगून ठेवा. तिच्या सातव्या वर्षाच्या आसपास दुसरं पिल्लू आणलं तर ते तिचं बघून निम्मं शिकतं.

सुरुवात दिवाळीनंतर करा. फटाक्यांच्या आठ-दहा दिवसांत नवा आवाज शिकवायला घेतला तर बेल आणि बाँब तिच्या डोक्यात एकत्र बसतील. तोवर गुडघ्याला नाक लावण्याचा खेळ चालू ठेवा, आणि ऑडिओग्राम उरकून घ्या.